जावयाच्या गालावरचा जांभळा डाग

मी एकदा एका चांगल्या मुलाला गालावर जांभळा डाग आहे म्हणून नाकारलं. डाग त्याच्या गालावर नव्हता, आमच्या कॉम्प्युटरवर होता.

तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे आपल्याला अक्कल आली असं समजायच्या वयाची. उमेळ्याला आमची पानवेलींची वाडी. रोज पानं निवडायची, डागी दिसलं की बाजूला टाकायचं. नाहीतर एकापायी सगळी जुडी सडते. या कामात हात असा बसलेला की माणसंही मी तशीच निवडत असे. (नवरा कसा निवडला, ते विचारू नका.)

मुलगा चंदनसारचा. स्थळ आणलं होतं माझ्या नणंदेनं. फोटो ई-मेलने आला, तो लेकीनं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडला. मॉनिटर तो पूर्वीचा, पाठीला पोतं बांधल्यासारखा. बघते तर मुलाच्या गालावर हा एवढा चट्टा! लेकीला विचारलंसुद्धा नाही. सरळ नणंदेला फोन लावला, "वन्सं, मुलगा डागी आहे. नाही म्हणून सांगा."

लेक जेवायला बसली नाही. मुलगा तिला आवडलाय हे मला तिच्या रिकाम्या पाटावरून कळलं. पण कळलं म्हणून ऐकलं तर मी कसली!

दुपारी ती पुन्हा फोटो उघडून बसली. माउसने तो जरा डावीकडे ओढला आणि ओरडली, "आई, डाग कानावर गेला!"

"मुलगा हलला असेल," मी म्हटलं. खरंच म्हटलं हो असं.

तिनं फोटो वर सरकवला, तर डाग शर्टावर. मग आमच्या गणपतीचा फोटो उघडला, तर डाग मोदकांच्या ताटात.

"आता बाप्पालाही नाही कळवतेस का?"

मी म्हटलं, काच मळली असेल. कंदिलाच्या काचा पुसण्यात जन्म गेलेला, चुलीतली राख आणली आणि घासली. राख लेकीच्या कीबोर्डात गेली, डाग जागेवर. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि मॉनिटरवरचं कव्हर उचललं. ते मी स्वतः विणलेलं. मॉनिटर आणि ह्यांचा भजनं ऐकायचा भलामोठा स्पीकर, दोघांवर मिळून एकच घालता यावं म्हणून मी स्पीकर मॉनिटरला अगदी खेटून ठेवला होता.

"आई, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. त्यानं रंग बिघडतात."

तिनं स्पीकर पलीकडच्या टेबलावर नेला. डाग फिका झाला, पण सावली राहिली. मग मॉनिटरची बटणं दाबत दाबत तिनं ते चुंबकपण घालवायची सोय शोधली. ठण्ण! चित्र पाण्यासारखं थरथरलं आणि मी मेन स्विचकडे धावले. लेकीनं अर्ध्यातूनच परत बोलावलं, येऊन बघते तर गाल स्वच्छ. कान तेवढे जरा पसरट होते, पण त्याचा दोष पडद्याला देता येईना.

नणंदेला पुन्हा फोन. ती म्हणाली, "वहिनी, मी त्यांना नाही सांगून मोकळी झाले. आता काय सांगू? मुलगा पुसून घेतला?"

लेक दारात उभी राहून ऐकत होती. मी वन्संच्या इतक्या विनवण्या केल्या की तेवढ्या लग्नानंतर सासूच्याही केल्या नव्हत्या.

नणंदेनं कसं जमवलं कोण जाणे, पण रविवारी मंडळी आली. चहा देताना मी मुलाचा गाल पुन्हा एकदा निरखून घेतला. सवय! नणंदेनं ते पाहिलं, तिला हसू आवरेना, आणि तिनं चट्ट्यापासून राखेपर्यंत सगळं भर बैठकीत सांगून टाकलं. लेकीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता ही माणसं उठणार.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, आमच्या कॉम्प्युटरवर तुमची मुलगी आख्खी हिरवी दिसत होती. हा म्हणाला, चालेल."