सायकलीपुरती जागा

सायकल आमच्या घरी आली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. घर म्हणजे एक माजघर, एक चुलीची खोली आणि पुढे अरुंद पडवी. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, कडेला गोठा. एवढ्यात आम्ही पाच माणसं राहत होतो: अप्पा, आये, मी, माझी बायको आणि वर्षाची मुलगी.

अप्पा आयुष्यभर जंगलातली लाकडं ओढायच्या गाड्या हाकत आले. सायकल येण्याच्या तीन वर्षं आधी गाडी भरताना सागाचा ओंडका निसटला आणि त्यांच्या कमरेवर आला. जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. तेव्हापासून ते पडवीत बांबूच्या बाजेवर पडून असत. सुपा गावाकडे जाणारा गाडीरस्ता आमच्या अंगणाला लागून जाई, आणि तो रस्ता हाच त्यांचा दिवस होता. गाडी वळणावर असतानाच ते घुंगरांवरून बैल कोणाचे ते सांगत. चाक कुरकुरलं की पडल्या पडल्या ओरडत, "आरं, डाव्या चाकाला वंगण न्हाई. बैल मारतोस काय?" गाडीवान हसत थांबे, त्यांच्या बाजेशी टेकून तंबाखू मळे, जंगलातल्या बातम्या सांगे. अंग गेलेल्या माणसाला असं रोज कोणी तरी भेटत होतं.

मी मराठी सातवी पास होऊन जोयड्याच्या बाजूला एका गावात मास्तर झालो होतो. शाळा घरापासून पाच मैल. उजाडता निघायचं आणि दिवे लागल्यावर परत यायचं. अप्पांना उचलणं, पुसणं, कूस बदलणं हे सगळं आये आणि माझी बायको करत. दोघीही किरकोळ अंगाच्या. अप्पा हाडापेरानं मोठे. बायकोच्या पाठीत कळ यायची, पण ती बोलायची नाही.

माझ्या शाळेजवळच्या लाकूड डेपोत एक कारकून होते. त्यांच्या दोन मुलांना मी शिकवत होतो. त्यांची बदली घाटाखाली झाली. निघताना त्यांनी आपली जुनी सायकल माझ्या हाती दिली. म्हणाले, "मास्तर, ही घाट उतरवून कुठं नेऊ? तुमच्या उपयोगी पडेल. नाही म्हणू नका."

मी शाळेच्या अंगणात पडत झडत शिकलो आणि आठवड्याने ती घरी आणली. सगळ्यांत जास्त आनंद अप्पांना झाला.

"घंटी वाजीव बगू," ते म्हणाले.

मी वाजवली.

"पुन्ना वाजीव."

त्या दिवशी जो गाडीवान रस्त्याने गेला त्याला त्यांनी थांबवून सायकल दाखवली. "बैल न्हाई, दाणा न्हाई, वैरण न्हाई," असं सांगत राहिले, जणू गाडी त्यांनीच घडवली होती. तो हिवाळा आणि उन्हाळा आमच्या घरातला बरा काळ होता. मी ऊन अंगणात असतानाच घरी पोहोचू लागलो. अप्पांना पाठीवर घेऊन अंगणात आणायचो, पाटावर टेकवून गरम पाण्याने आंघोळ घालायचो. बायकोची पाठ जरा मोकळी झाली. सायकल जांभळाखाली कांबळं टाकून उभी असे.

वैशाख सरत आला तशी आये म्हणाली, "आता हिला कुटं ठिवायची?"

आमच्याकडे चार महिने पाऊस हटत नाही. भिंतीला बुरशी येते, पेटीतले कपडे ओलसर होतात, कोयत्याला तेल लावलं नाही तर चार दिवसांत तांबेरा चढतो. सायकल उघड्यावर ठेवणं म्हणजे ती घालवणं. आणि तशी दुसरी मिळणार नव्हती.

प्रथम गोठ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गाईने बसायचं कातडं चाटून चाटून मऊ केलेलं आणि एक कोपरा चघळलेला. माझ्या घामाचं मीठ तिला लागलं असावं. तिसऱ्या दिवशी म्हशीने अंग घासताना सायकल पाडली आणि तिच्यावर पाय दिला. दोन तारा वाकल्या. मी त्या हाताने जमेल तशा सरळ केल्या.

मग माळा. मी खालून उचलली, बायकोने वरून ओढली. माळ्याचा एक बांबू कडकन मोडला आणि बियाण्याची नाचणी आमच्या दोघांच्या डोक्यावर सांडली. आये दोन दिवस ती मातीतून निवडत बसली.

चुलीच्या खोलीत देव होते. तिथे कातडं चालणार नव्हतं. गावच्या देवळाचा मंडप ऐसपैस होता, म्हणून मी देवळाचा कारभार पाहणाऱ्या गावकारांना विचारायला गेलो. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि बसायच्या जागेकडे बोट दाखवलं. "मास्तर, हे कातडं न्हाई काय? देवाम्होरं कसं ठिवणार?"

"ते काढून घरी नेतो. नुसतं लोखंड ठेवतो."

"आज लोखंड, उद्या कोणी नांगर आणून ठिवील," ते म्हणाले आणि आत गेले.

माजघरात भाताचा कणगा होता, जातं होतं, मुलीचा पाळणा होता, आणि उरलेल्या जागेत आम्ही झोपत होतो.

राहिली पडवी. अप्पांची बाज हातभर भिंतीकडे सरकवली आणि सायकल तिच्या कडेला, रस्त्याच्या बाजूने उभी केली. अप्पांना आता रस्ता चाकाच्या तारांमधून दिसे. पायडल त्यांच्या गुडघ्याला लागे. त्यांना ते कळत नसे, पण तिथे काळा डाग पडला होता. मी तो पाहिला आणि मध्ये गोणपाट कोंबलं.

"आसू दे रे," अप्पा म्हणाले. "चाकाआडनं गाडीवाल्यास्नी बगायचं. त्यास्नी बी गंमत वाटंल."

गंमत फार दिवस टिकली नाही. पडवीतून दाराकडे जायला आता एकच पाऊल मावेल इतकी वाट होती. एका सकाळी आये पाण्याची घागर घेऊन येताना तिचं लुगडं सायकलीच्या दांडीत अडकलं. ती पडली, घागर फुटली, मनगट सुजून आलं. ती ओल्या जमिनीवर बसून राहिली आणि अप्पा बाजेवरून नुसते हात पुढे करत राहिले. त्यांचे हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

त्या दिवशी मी शाळेतून आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "मला आत न्ह्या."

"आत काय हाय?" आये दारातून म्हणाली. "काळोख हाय आन् धूर हाय."

"मला काय वाचायचं हाय काय? पोराची धावपळ वाचतीया त्या गाडीनं. ती गंजली तर मग?"

मी लगेच म्हणालो, "पावसाळ्यापुरतं, अप्पा."

"व्हय. पावसाळ्यापुरतंच."

नाही म्हणायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण त्यांनीच म्हटलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या उतरलेल्या ओझ्याच्या आनंदात मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी कणगा सरकवला, बायको आणि मुलगी चुलीच्या खोलीत झोपायला गेल्या आणि अप्पांची बाज माजघराच्या कोपऱ्यात लागली. तिथे खिडकी नव्हती.

पाऊस लागला आणि रस्त्याचा चिखल झाला. सायकल चालवण्यासारखी राहिली नाही. मी पुन्हा पायी जाऊ लागलो, पुन्हा दिवे लागल्यावर परत. सायकल मात्र कोरड्या पडवीत तेल लावून उभी.

आषाढात एकदा बायको म्हणाली, "चार म्हयनं हिच्यावर बसायचं न्हाई, तर हिला पडवी कशाला? मामंजीस्नी भायर घ्या."

"मग ही कुठं ठेवू?"

ती सूप उचलून आत गेली. मला वाटलं मी तिला निरुत्तर केलं.

आत अप्पांचं दुखणं वाढत गेलं. ओल्या लाकडांचा धूर माजघरात कोंडे आणि ते खोकत. पाठीला जखमा झाल्या. पावसात लाकडाच्या गाड्या बंदच असत, पण पायी जाणारी माणसं जात. भिंतीपलीकडे चाहूल लागली की अप्पा विचारत, "कोण गेलं?" आये हातातलं काम टाकून दारापर्यंत जाई, इरल्याखालचं माणूस ओळखायचा प्रयत्न करी आणि येऊन सांगे. कधी ओळखू आलं नाही तर एखादं नाव ठोकून देई. श्रावण लागला तसं त्यांनी विचारणं सोडलं. आये तरी काही दिवस आपण होऊन सांगत राहिली, "खालच्या वाडीचा गेला हो."

श्रावणात एक दिवस चांगलं ऊन पडलं. सुट्टी होती. मी सायकल अंगणात काढून उभी केली आणि अप्पांना उचलून पडवीत आणलं. ते इतके हलके झाले होते की मी दचकलो. उजेडाने त्यांनी डोळ्यांवर हात धरला. त्यांचा एक जुना जोडीदार गाडीवान मुद्दाम आला, त्यांच्याशेजारी बसला, तंबाखू मळून पुढे केली. अप्पांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. बोलणं जमेना. तरी त्यांनी डोळ्यांवरचा हात हळूहळू खाली घेतला होता. रस्त्याकडे पाहत होते.

तेवढ्यात सर आली. मी अंगणात धावलो आणि सायकल उचलून पडवीच्या पायरीशी आणली. पण पडवीत अप्पा होते. त्यांना हलवल्याशिवाय ती आत घेता येत नव्हती. मी पावसात सायकल दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि अप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. कसं पाहिलं मी त्यांच्याकडे, मला माहीत नाही. माझा चेहरा मला दिसत नव्हता, त्यांना दिसला.

"न्हे मला आत," ते म्हणाले.

जोडीदाराने आणि मी त्यांना आत नेलं. त्यानंतर ते बाहेर आले नाहीत. पुढे दोन-तीनदा उघडीप झाली. मी विचारलं, तेव्हा मान हलवून नको म्हणाले.

भाद्रपदात त्यांना हिवताप आला. आमच्या मुलखात तो दरवर्षी येई आणि घराघरातून माणूस नेई. कोयनेलच्या गोळ्या दिल्या, काढे दिले. मध्ये ताप उतरला. त्याच आठवड्यात चार दिवस पाऊस थांबला होता, रस्ता जरा वाळला होता, म्हणून मी सायकल घेऊन शाळेला गेलो. लवकर परत येऊन अप्पांजवळ बसावं, असा माझा विचार होता. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. परतताना चिखल चाकात भरून चाक फिरेना. मी सायकल खांद्यावर घेतली. दोन मैलांवर गावचा एक माणूस समोरून येताना दिसला. तो मलाच बोलवायला येत होता. जवळ येऊन तो वळला आणि माझ्यामागून चालू लागला.

अंगण माणसांनी भरलं होतं. अप्पांना बाहेर घ्यायचं म्हणून पडवी मोकळी करत होते. मी खांद्यावर सायकल घेऊन मधोमध उभा राहिलो. ती कुठे ठेवावी हे मला कळेना. कोणी पुढे होऊन घेतली नाही. चिखलाचं पाणी माझ्या पाठीवरून वाहत होतं.

आये दारात आली. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "ठिव की. आता सगळी पडवी तुजीच हाय."

मी ती गोठ्यामागे नेली आणि सोडून दिली. ती शेणाच्या खड्ड्याशी आडवी पडली.

तेरा दिवस तिथेच होती. मग बायकोने ती धुतली आणि पडवीत आणून लावली. साखळी गंजून आखडली होती. मी तेल घातलं, पण ती पुन्हा पहिल्यासारखी चालली नाही आणि मीही तिच्यावर फारसा बसलो नाही. पुढच्या वर्षी तापाने शाळेच्या गावची माणसं उठून गेली, मुलं उरली नाहीत आणि शाळा बंद झाली. मला अणशीला पाठवलं. तिकडची वाट रानातून चढत जाणारी, पायवाट; सायकलीचा प्रश्नच नव्हता. शाळेच्या मागे एक खोली मिळाली. बायको आणि मुलगी आल्या. आये आली नाही. "गुरं कोण बगणार?" एवढंच म्हणाली.

मी वर्षातून दोनदा घरी जायचो. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा घराच्या मागच्या बाजूला, दरडीकडे, आयेने एक उतरतं छप्पर काढलेलं दिसलं. चार मेढी, वर गवत, दरडीचं पाणी वळवायला एक चर. आत सरपण रचलेलं. अगदी पुरुषभर लांब, दोन हात रुंद. आम्ही त्या बाजूला कधी पाहिलंच नव्हतं. अडगळ आणि झाडोरा होता तिथे.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"म्या केलं. शेजारचा आला होता हात लावाया."

"किती दिवस लागले?"

"दिवस कसले? सकाळी लागलो, जेवणापातुर झालं."

तिने ते सहज सांगितलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वाकून आत शिरलो आणि सगळ्यांत खालचं, जमिनीला टेकलेलं लाकूड ओढून पाहिलं. अख्खा पावसाळा काढून ते कोरडं होतं.

मी तिथेच वाकून हातांनी सायकलीची लांबी-रुंदी मोजत राहिलो. आयेने दोनदा जेवायला हाक मारली.