काटा बघायचा तो नळ उघडून

सव्वीस वर्षं फिटरचं काम करूनही वर्कशॉपमधली माणसं तिला फिटर म्हणत नसत. म्हणत ‘काटेबाई’. जिथं जाईल तिथं प्रेशरच्या काट्याला डोळा लावून बसते, म्हणून. पहिल्या दिवशी हातात पाना देताना उस्ताद म्हणाले होते, “उचलता येईल का गं?” तिनं पाना उचलला आणि म्हणाली, “कुठं ठेवू, तेवढं सांगा.”

तर त्या सकाळी प्रसूतिगृहाच्या पाचव्या मजल्यावर आग विझवायला टाकलेल्या नव्या पाइपाची तपासणी होती. तिची सही झाली की काम पास. मजल्यावर बावीस बाळंतिणी, बावीस पाळणे.

कंत्राटदारानं नळावर दाबाचा काटा बसवला. “बघा मावशी, तीन किलो दाब! दोन लागतात, वर एक फुकट. करा सही.”

“नळ बंद आहे की.”

“मग?”

“बंद नळात पाणी उभं असतं. उभं पाणी पाइपाला घासत नाही, मग दाब जाईल कशाला? उघड.”

“मावशी, उगीच फरशी भिजेल.”

“भिजू दे. मला मावशी म्हणतोस ना? मग ही लेकरं तुझी कोण लागतात?”

तिनं स्वतःच नळाचं चाक फिरवलं. पाणी धावलं आणि काटा घसरत घसरत अर्ध्या किलोवर येऊन बसला. नळाला जोडलेल्या होजमधून निघालेली धार चार पावलांवर फतकल मारून बसली.

तिनं खिडकीतून खाली पंपवाल्याला हाक मारली, “तुझा काटा किती रे?”

“साडेचार! हलला नाही!”

तपासणीच्या कागदाच्या पाठीवर तिनं मांडलं. साडेचारातले दीड पंधरा मीटर चढण्यात गेले, ते कुणाला चुकत नाहीत. राहिले तीन. हातात अर्धा. म्हणजे अडीच किलो पाइपानं खाल्ले. ती उठली आणि टेपनं पाइपाचा घेर मोजून आली.

“कागदावर तीन इंची लिहिलंय, टाकलाय दोन इंची. एवढंच पाणी न्यायला साडेसातपट घासतोय. वर एकोणीस एल्बो. सापाला पण एवढी वळणं घेता येत नाहीत.”

“मोठा पंप लावतो ना,” कंत्राटदार पुटपुटला.

“हो, म्हणजे सांधे फुटून खालचे चार मजले न्हातील.”

कंत्राटदाराच्या मागं उभे असलेले तिचे साहेब आता पुढं झाले. “बाई, उद्या उद्घाटन आहे. कागद माझ्यापुढं आला नाही, तर तुमची बदली नदीवरच्या जकवेलच्या पंपावर. चाळीस किलोमीटर.”

 तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. दुपारी घरी जाऊन ती तिला जेवू घालायची. चाळीस किलोमीटरवरून कोण येणार? तिनं चाक फिरवून पाणी बंद केलं.

मग कागद भिंतीला टेकवून ‘पास’वर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : नळ उघडा असताना दाब अर्धा किलो. नापास. आणि एरवी नुसतं आद्याक्षर टाकणाऱ्या तिनं आज पूर्ण नाव, आडनावासकट, ठसठशीत लिहिलं.

“घ्या साहेब, तुमच्यापुढं आला कागद. आता खाली तुम्ही ‘पास’ लिहा,” तिनं पेन पुढं केलं, “आणि तुमचं पण पूर्ण नाव घाला.”

साहेबांनी पेनाकडं बघितलं. घेतलं नाही.