मंडईतला हौद

जुन्नरच्या जुन्या मंडईत, पत्र्याच्या छपराखाली मधोमध एक दगडी हौद होता. नव्वदच्या दशकात मी आईबरोबर तिथं जायचो ते नाक दाबूनच. डिंभे धरणातले मासे त्या हौदात धुतले जायचे आणि भाजीवाले त्यातलंच पाणी मेथी-कोथिंबिरीवर मारायचे. आई म्हणायची, "बघ, कशी टवटवीत आहे!" मी नाक आणखी घट्ट दाबायचो.

पुढं काही वर्षांनी मंडई पाडायचं ठरलं. तिला निरोप द्यायला नारळ फोडला, तोही हौदाच्या काठावर. पुढाऱ्यानं माइकवरून मंडईचा थोर इतिहास सांगितला. इतिहास म्हणे! वासाबद्दल चकार शब्द नाही. मग एकानं खोबऱ्याचे तुकडे हौदातच बुचकळले आणि प्रसाद म्हणून वाटत सुटला. लोक डोळे मिटून खात होते. माझा तुकडा मुठीतच राहिला.

शेजारी मंडईतला म्हातारा मासेवाला उभा होता. म्हणाला, "खा की राव, परसादाला न्हाई म्हनू नये."

मी म्हटलं, "आधी तुम्ही खा."

त्यानं एकदा हौदाकडं पाहिलं आणि स्वतःचा तुकडा हळूच खिशात टाकला.