नानांच्या खुर्चीत कोण बसलं होतं

यांना सांगितलेलं नाही. माहेरी सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते, तिथेही बाकीचं सगळं कबूल करते आणि एवढं एक गाळून पुढे सरकते — जसं काही त्याला कळणारच नाही! तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं कारण म्हणजे परवापासून डोक्यात तिडीक गेली आहे, ती उतरायलाच तयार नाही.

परवा आपली टीम परदेशात टेस्ट हरली. हरली तर हरली, खेळच आहे तो. पण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नणंदेच्या मुलाने लगेच टाकलं — ‘वंदनामामीने टीव्ही लावला था क्या?’ झालं! खाली पिवळ्या तोंडांची रांग, सगळी हसून हसून रडणारी. यांनीही एक टाकलं. आणि सगळ्यात शेवटी स्वतः वंदनाने जोडलेले हात टाकले. ‘सॉरी सगळ्यांना,’ असं लिहून.

सॉरी! कशाबद्दल ग बाई? तू काय तिकडे जाऊन कॅच सोडलीस?

वंदना माझी धाकटी जाऊ. आता इथेच बुरहानपुरात, लालबागेत वेगळी राहते, पण लग्न होऊन आली तेव्हा आम्ही सगळे शनवाऱ्यात एकत्र होतो. सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यांचं खाली कापडाचं दुकान आणि वर घर. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, भाऊजी बँकेत. नानांना दोनच वेडं होती, एक दुकान आणि दुसरं टेस्ट मॅच. त्यातून टीम ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेली की विचारू नका. थंडीत पहाटे पाचला सगळं घर शाली गुंडाळून टीव्हीसमोर, आणि मी गॅससमोर.

बसण्याचे कायदे होते हो आमच्याकडे! हसू नका, तुमच्याकडेही असतील. जोडी जमली की जो जिथे आहे तो तिथेच. हे दाराशी उभे असताना चौकार गेला तर यांनी दाराशीच उभं राहायचं, पाय भरून आले तरी. भाऊजींनी मफलर काढायचा नाही. आणि नानांची ती वेताची खुर्ची — तिच्यात नानांशिवाय कुणी बसायचं नाही. नाना उठून गेले तरी शाल खुर्चीवर ठेवून जायचे, म्हणजे खुर्ची रिकामी नाही. एकदा माझ्या मुलाने लहानपणी त्या शालीवर उडी मारली आणि तेवढ्यात आपला एक जण रनआऊट झाला. नाना तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोराशी नाही, माझ्याशी! का, तर आईचं लक्ष नव्हतं.

आता मला सांगा, हे शिकलेले लोक. एक जण मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवतो, दुसरा बँकेत लाखोंची कर्जं पास करतो. तिकडे तो गोलंदाज वर्षानुवर्षं घाम गाळून चेंडू बाहेर काढायला शिकतो, आपल्या फलंदाजाची बॅट नको तिथे जाते, आणि खापर फुटतं कुणाच्या डोक्यावर? तर बुरहानपुरात शनवाऱ्यातल्या कुठल्याशा बाईच्या! संताप होतो माझा. पण थांबा — मला संतापायचा हक्क आहे का, ते पुढे बघा.

वंदना जसोंडी गावची. तिच्या वडिलांची केळी, आणि बागेत कामाला गेले की खांद्याला ट्रान्झिस्टर. कॉमेंट्री ऐकत मोठी झालेली मुलगी ती. सासरी आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात चहाचा ट्रे ठेवता ठेवता सहज बोलून गेली, “नाना, हा ऑफच्या बाहेरचे सोडत नाही, जाईल बघा आता.” आणि गेला की तो! नानांनी वळून बघितलं. आम्हाला वाटलं, आता आग लागते. तर नाना म्हणाले, “बैस ग. इथे बैस.”

बसली ती. खाली सतरंजीवर, नानांच्या पायाशी. दोघांचं जे सुरू झालं ते काय सांगू! नवीन चेंडू कधी घेणार, नाइट वॉचमन म्हणून कुणाला पाठवणार, हा दमलाय, त्याला आत्ता काढायला हवा. टेस्ट तिला टेस्टसारखी आवडायची. एक रन नाही की विकेट नाही, नुसता चेंडू अडवत बसलेला माणूस असला, तरी ती डोळे लावून बघायची. मला म्हणायची, “ताई, बघा ना, किती धीर आहे त्याला.” नाना तिच्यासाठी दुकानातून येताना मावा जिलेबी आणायला लागले. माझ्यासाठीही असायची त्यात. पण आणायचे तिच्यासाठी.

जळत होते का मी? जळत होतेच. कशाला लपवू? मला त्या घरात बारा वर्षं झाली होती आणि नाना माझ्याशी बोलायचे ते मीठ कमी आहे, एवढंच.

पण त्या सकाळी जे झालं ते जळण्यातून झालं नाही. तसं असतं तर निदान त्यात काही दम तरी होता म्हटलं असतं. ते झालं निव्वळ भीतीतून.

मॅचचा शेवटचा दिवस. जिंकणं हातून गेलेलंच, पण दिवसभर टिकलो तर हार टळणार होती. आपला सगळ्यात भरवशाचा फलंदाज सकाळपासून खांब रोवल्यासारखा उभा. घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. मग तिकडे ड्रिंक्स झाले, तेव्हा खालून कुणी व्यापारी नानांना हाका मारायला लागला. नाना चिडून खाली गेले. हे आंघोळीला पळाले, भाऊजी दूध आणायला. वंदना स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. आणि मी केर काढायला आत गेले.

खोली रिकामी. टीव्ही चालू. माझी कंबर मोडून आलेली, पहाटे चारपासून उभी होते. समोर ती खुर्ची.

मी शाल उचलली आणि बसले.

कंबर दुखत होती हे खरं, पण सतरंजी होती की खाली! बसले, कारण मला बसायचं होतं. एकदा बघायचं होतं, तिथून कसं दिसतं ते. पाठ टेकली, हात दोन्हीकडे ठेवले. छान वाटलं हो! तेवढ्यात खेळ सुरू झाला. पहिला चेंडू, बॅटची कड, मागे झेल. गेला. सकाळपासून उभा असलेला माणूस माझ्या बसण्याची वाट बघत असल्यासारखा गेला.

जिन्यावर नानांची पावलं. खालीच कुणीतरी ओरडलं असणार, कारण वर येता येताच ते विचारत होते, “कोण गेला? कोण गेला?” मी ताडकन उठले. शाल माझ्या हातातून खाली पडली. नाना दारात. टीव्हीकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

“खुर्चीत कोण बसलं होतं?”

त्याच क्षणी वंदना ट्रे घेऊन आत आली. कप हलत होते, बाई हसत होती, तिला काय झालं ते माहीतही नव्हतं.

“वंदना बसली होती,” मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं, असं म्हणणार नाही. मी विचार केला होता. नाना दारात उभे होते तेवढ्या वेळात तीन दिवसांचा तो अबोला आठवला, आणि मनात हिशेब झाला, की ती नानांची लाडकी आहे, तिला काही होणार नाही.

वंदना हसली. “मी? अहो ताई, मी तर आत्ता चहा घेऊन...” मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ट्रे खाली ठेवला. आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरलीला सासऱ्यांसमोर खोटं पाडायचं नसतं. तेवढं तिने पाळलं. नानांनी शाल उचलली, झटकली, आणि कप न घेता बसले. दुपारी मॅच हरलो.

तिला काही होणार नाही म्हणे!

त्या दिवसापासून सतरंजीवरची तिची जागा गेली. पुढच्या मॅचला ती चहा द्यायला आली आणि विकेट पडली. आता मला सांगा, टेस्टमध्ये दोन्हीकडच्या मिळून चाळीस विकेट असतात, दिवसभरात चहा पाच वेळा जातो. कधीतरी गाठ पडणार की नाही? पण पडली की सगळे एकमेकांकडे बघायचे. भाऊजी, तिचा स्वतःचा नवरा, म्हणाले, “पनौती आहेस यार तू,” आणि सगळे हसले. हसण्यावारीच होतं सगळं. हसण्यावारी तिला मॅचच्या दिवशी वरच्या खोलीत पाठवायला लागले. हसण्यावारी नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “वंदनाला नंतर बोलवा.” गाडी सुरू झाली नाही, दुकानात माल खराब निघाला, कुणाचा रिझल्ट बिघडला की घरातलं कुणीतरी हसून विचारणार, आज सकाळी तोंड कुणाचं बघितलं? माझ्या मुलाच्या लग्नात हळद लावायला बायका उठल्या, तर ही मागे. मी हाक मारली. ती म्हणाली, “नको ताई, तुम्ही लावा. चांगलं कार्य आहे.” आणि मी? दुसऱ्यांदा हाक मारली का? नाही मारली. पोरगा माझा होता ना. मनाच्या तळाशी कुठेतरी मलाच वाटलं, नकोच. खुर्चीत मी बसले होते, हे जगात ज्या एका बाईला पक्कं माहीत आहे, तिलाच तसं वाटलं!

नाना गेले, तेव्हाही त्यांच्या उशाशी ती नव्हती. दवाखान्यात आत कुणी जायचं ठरत होतं, तेव्हा ती आपणहून बाहेरच्या बाकावर बसली.

म्हणून म्हणते, परवा ते पिवळे चेहरे बघून तळपायाची आग मस्तकात गेली. भाच्याला चांगलं झापावं, यांना विचारावं, विज्ञान शिकवायचात ना हो तुम्ही? बोटं मोबाईलवर तयार होती. पण काय लिहिणार होते? मी मुकाट्याने फोन ठेवून दिला आणि भाजी निवडायला बसले.

थोड्या वेळाने वंदनाचाच फोन आला. बरी होती आवाजाने. म्हणाली, “ताई, मी टीव्ही नव्हता लावला हो. मी लाईव्ह बघतच नाही, कित्येक वर्षं झाली. मॅच संपली, निकाल लागला की मग हायलाइट्स बघते. उगाच आपल्यामुळे कुणाचं वाईट नको.” मग विकेट कशा पडल्या ते सांगत बसली. नव्या पोरांना चेंडू सोडता येत नाही म्हणाली. जसोंडीची वंदना, तशीच्या तशी, पाच मिनिटं. मला इतकं बरं वाटलं ऐकायला.

आणि मग म्हणाली, “ताई, एक विचारू? नानांच्या त्या खुर्चीत... त्या दिवशी मी बसले होते का हो खरंच? मला वाटायचं, मी चहाच करत होते. पण आता इतके दिवस झाले, सगळे म्हणतात, मला नीट आठवतच नाही. चहा उकळेपर्यंत येऊन क्षणभर टेकले असेन का? तुम्ही होतात ना तिथे.”

बघा. खोटं बोलले तेव्हा तिला तरी खरं माहीत होतं. आता तेही तिच्याकडे उरलेलं नाही, आणि ती ते मागायला माझ्याकडे आली होती. नाना नाहीत, सासूबाई नाहीत. माझ्याशी अबोला धरणारं कुणी शिल्लक नाही. भीती कसली होती मला? कुणाची?

मी म्हटलं, “हो ग. क्षणभर बसली होतीस.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली. “बरं झालं विचारलं.”

त्या खुर्चीत मी बसले होते. वंदना चहा करत होती.