नकाशात वर, शेतात खाली

आता हसू नका, पण संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या मुलीला स्वतःचंच शेत कोणतं ते कळू नये, असं कधी ऐकलंय? नाही ना? मग ऐका.

आसगावला आमच्या दोन बांध्या आहेत, एकीला लागून दुसरी. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेलं धानाचं शेत. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, युरियाचे भक्त. मी शेण-गोमूत्राच्या जीवामृताची. रोज वाद!

शेवटी पैज लागली. एका बांधीत माझं जीवामृत, दुसरीत त्यांचा युरिया. माझी बांधी सरस ठरली तर पुढच्या हंगामात सगळीकडे माझं चालणार. नाही ठरली तर वर्षभर शेतीच्या गोष्टीत मी तोंड उघडायचं नाही. ही अट कोणी घातली? मीच. जोशात!

भंडाऱ्याच्या होस्टेलवर बसून मी फोनवर नकाशा उघडला आणि हुकूम सोडला, "मोठे बाबा, वरच्या बांधीत माझं, खालच्या बांधीत तुमचं."

"वरच्या ना वं? पक्कं?"

"पक्कं! किती वेळा विचारता?"

कापणीच्या तोंडावर घरी आले. दोन्ही बांध्यांतून, निवड न करता, हाताला लागतील त्या लोंब्या तोडल्या. दाणे मोजले, सरासरी काढली. वरचीची जास्त!

पण थांबा, खरी गंमत इथेच आहे. दाणे जास्त निघाले म्हणजे फरक खरा का? की नेमक्या भरदार लोंब्याच हाताला लागल्या? म्हणून आधी धरून चालायचं, की दोन्ही बांध्या सारख्याच. मग विचारायचं, तसं असतं तर एवढी तफावत निव्वळ योगायोगाने कितीदा दिसली असती? हा प्रश्न मला भारी आवडतो. उत्तर आलं, जवळजवळ कधीच नाही!

चहाच्या वेळी मी निकाल जाहीर केला.

"पन बाई, तू वरची म्हनतेस थे..." मोठे बाबा सुरू झाले.

"मोठे बाबा, आता आकडे बोलून राहिले. तुम्ही नका बोलू!"

"बरं. योगायोग तं नाही ना?"

"योगायोग नाही!"

"दुसरं काही कारन?"

"काहीच नाही! फरक खताचाच."

"मंग वरची बांधी कोनती थे बोटानं दाखव तं."

मी दिमाखात उत्तरेकडे बोट केलं. नकाशात वर ती वर!

आईच्या हातातला चहा हिंदकळला. "अवं, तळं कोनीकडं आहे? पानी जिकडून येते थे वरची!"

तळं दक्षिणेला. म्हणजे मी जिचा जयजयकार करत होते ती खालची. युरियाची!

"पण खालच्या बांधीत गाळ येतो! ओल टिकते!" मी ओरडले. "फरक त्याचाही असेल!" आणि खरं सांगते, मुद्दा अगदी बरोबर होता.

मोठ्या बाबांनी शांतपणे बशी खाली ठेवली. "कायले ओरडतेस? आकडे बोलून राहिले ना? बोलू दे त्याईले."

यंदाच्या रोवणीला मी धुऱ्यावर गप्प बसून होते. येणारा-जाणारा विचारायचा, "पोरगी काहून बोलून नाही राहिली?"

मोठे बाबा माझ्याच थाटात सांगायचे, "योगायोग नाही!"