रत्नप्रभाबाईंचं सूर्यघड्याळ

घाटकोपरच्या एका मराठी शाळेत रत्नप्रभा परब सव्वीस वर्षं चित्रकला शिकवतायत. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सगळे भटवाडीत राहायला आले. दहावीला बाई गणितात नापास झाल्या. ऑक्टोबरला पुन्हा बसून सुटल्या, पण गणिताचा धसका गेला नाही. पुढे शाळेत त्यांचे तास हमखास गणिताला जायचे. परीक्षा जवळ आली की नंदकुमार सर वर्गाच्या दारात येऊन उभे राहत, आणि बाई मुकाट्यानं बाहेर पडत.

दोन वर्षांपूर्वी शाळेनं नववीसाठी शनिवारी गणित, विज्ञान आणि चित्रकलेचा मिळून एकच वर्ग सुरू केला. पुस्तकं मिटायची आणि हातानं काहीतरी करायचं. पहिल्याच वर्षी सूर्यघड्याळ ठरलं. तासांच्या रेषांचे कोन सरांनी मुलांकडून काढून घेतले, आखणी आणि रंगकाम बाईंकडे आलं. गच्चीवर मुलांनी मोठं वर्तुळ आखलं आणि मुंबईच्या अक्षांशाप्रमाणे एकोणीस अंशांत पत्र्याचा तिकोनी काटा बसवला. आकडे बाईंनी स्वतः रंगवले.

नाताळच्या सुट्टीआधी प्रदर्शन होतं. चार दिवस राहिले असताना कळलं, की घड्याळ सदतीस मिनिटं मागे आहे. कोन पुन्हा काढले, ते बरोबर होते. म्हणजे आखणीच चुकली असणार, असं सगळ्यांनी धरलं, बाईंनीही. सर म्हणाले की आकडे थोडे सरकवून घ्या, पाहुण्यांना काय कळणार आहे. बाईंनी रंगाचा डबा उघडलासुद्धा.

वर्गातली अक्षता जवळच उभी होती. ती म्हणाली, "बाई, आज नको ना. उद्या दिवसभर बघू या, नेमकं किती चुकतंय ते."

दुसऱ्या दिवशी नऊ ते तीन दर अर्ध्या तासानं त्यांनी सावली टिपली. प्रत्येक वेळी फरक सदतीसच्या आसपास. हे बाईंच्या चटकन लक्षात आलं. हात चुकला असता तर रेषा कुठे कमी, कुठे जास्त चुकली असती. सगळीकडे सारखंच चुकतंय म्हणजे कारण दुसरं आहे.

अक्षतानं नकाशाचं पुस्तक आणलं. देशभरची घड्याळं मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात, आणि मुंबई त्र्याहत्तरच्या जवळ. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. बाईंनी स्वतः गुणाकार केला. अडतीस मिनिटं आली.

सर वर आले तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, आकडे हलणार नाहीत. घड्याळ बरोबर आहे. ते घाटकोपरची वेळ दाखवतंय." सरांना त्या पहिल्यांदाच नाही म्हणत होत्या. सरांनी हिशेब दोनदा पाहिला आणि हे आपल्याच ध्यानात यायला हवं होतं, असं मुलांसमोर कबूल केलं.

प्रदर्शनात अक्षता समजावून समजावून घसा बसवून घेत होती.

फेब्रुवारीत तोच फरक बावन्न मिनिटांवर गेला. तो का वाढतो, हे सरांनी वाचून काढलं: सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते. बाईंनी वही घातली आणि दर शनिवारी फरक लिहू लागल्या. नोव्हेंबरात तो बावीसवर उतरला. पावसाळ्यातले रकाने कोरेच राहिले. त्या नोंदींवरून यंदाच्या नववीनं आलेख काढला आणि सर आता तो गणिताच्या तासाला फळ्यावर लावतात.