एका कप्प्यात दोन सुना

स्टोअरकीपर आजोबांना कॉम्प्युटरच्या क्लासला कुणी ढकललं नव्हतं. बायको गेली, मुलगा दुसरं लग्न करून लांब राहायला गेला, आणि घरात बोलायला उरला फक्त रेडिओ. तोही आपलंच पुढे रेटणारा, दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ! वाचनालयात दुपारी फुकट शिकवतात असं कळलं, आणि स्वारी इस्त्रीचा शर्ट चढवून हजर.

त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रोग्रामिंगमधली डिक्शनरी शिकवली. "डावीकडे 'की', म्हणजे किल्ली लिहायची, उजवीकडे तिची व्हॅल्यू. मशीनला की सांगितलीत, तर ते व्हॅल्यू काढून देतं."

आजोबांची कळी खुलली. अहो, सगळा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला! कप्प्यावर चिठ्ठी, कप्प्यात माल. हा तर डाव्या हातचा मळ.

घरच्यांचे फोन नंबर घालायचे होते. "मुलगा" झाला, "बहीण" झाली. मग "सून" लिहून त्यांनी पहिल्या सुनेचा नंबर घातला. घटस्फोट झाला तेव्हा मुलानं बजावलं होतं, "बाबा, आता तिचा विषय बंद." फोनही नवा घेऊन दिला, नव्या नंबरसकट. पण तिचा नंबर पाठ होता, त्याला कोण काय करणार? खालच्या ओळीत पुन्हा "सून", आणि नवीचा नंबर. स्टोअरमध्ये जुनं बेअरिंग आणि नवं बेअरिंग एकाच कप्प्यात सुखानं नांदायची.

पडद्यावर सून एकच आली. नवी.

"बाई, माझा माल गेला कुठे? मशीननं चकार शब्द काढला नाही!"

"आजोबा, एका कीला एकच व्हॅल्यू. नवी ठेवलीत की जुनी गेली, मशीन ते सांगत बसत नाही. तिला दुसरी की द्या ना. ती तुमची कोण लागते, ते लिहा."

आजोबांनी "जुनी सून" लिहिलं आणि लगेच खोडलं. भंगार होती का ती? "माजी सून" लिहिलं, तेही खोडलं. दुपारच्या चहाला समोर बसून स्टोअरचे तेच ते किस्से ऐकणारी, नेमक्या जागी हसणारी पोर. तिला काय म्हणायचं? शेवटी कीची जागा रिकामीच ठेवून त्यांनी पुढे नंबर घातला. मशीननं तो मुकाट घेतला.

क्लास सुटल्यावर ते बाहेर पायरीवर बसले. मुलाला कळलं तर तो तोंडसुद्धा बघणार नाही, हे ठाऊक होतं. तिनं फोन आपटला तर बोलायची ही एक जागाही गेली. तरी त्यांनी नंबर लावलाच.

"कोण बोलतंय?" तिचाच आवाज.

"मी."

"मी कोण?"

घ्या, आली का पंचाईत! बाबा म्हणवून घ्यायचा हक्क कोर्टाच्या कागदावर संपला होता.

"मी... स्टोअरमधला."

तिनं फोन ठेवला असेल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी आपला फोन कानावरून काढला नाही.

"बाबा," ती म्हणाली. "चहा झाला का तुमचा?"

"नाही गं," आजोबा म्हणाले. "एकट्यापुरता करावासाच वाटत नाही."